सोल थांबते तो दिवस

शिंगातून पिताना टोक वर करायचं नाही, हे नवख्याला सगळ्यात आधी सांगतात. बैलाचं शिंग आतून पोकळ आणि वाकडं. तोंडाला लावून ते एकदम उपडं केलं की टोकाकडे भसकन हवा शिरते, आतलं पेय उसळतं आणि नाकातोंडावर येतं. म्हणून शिंग दोन्ही हातांनी धरायचं, टोक बाजूला किंवा खाली वळलेलं ठेवायचं आणि पिता पिता मनगट हळूहळू फिरवत न्यायचं. घाई करून चालत नाही. शिवाय शिंगाला बूड नसतं, त्यामुळे ते खाली ठेवता येत नाही. हातात आलं की धरून राहायचं, नाहीतर शेजारच्याला द्यायचं. जूनच्या अखेरीस आइसलँड, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमध्ये आणि अटलांटिकपलीकडे अमेरिकेतही माणसं उघड्यावर गोल करून उभी राहतात आणि असं एक शिंग हातोहात फिरतं. त्या गोलात नेमकं काय चालतं, कशासाठी चालतं आणि त्यातलं जुनं किती, नवं किती, हे जरा निवांतपणे पाहू.

ही माणसं ओडिन, थोर, फ्रेया, फ्रेयर या उत्तर युरोपातल्या जुन्या देवतांना मानतात. आइसलँडमध्ये या धर्माला 'आसात्रू' म्हणतात, म्हणजे आसा नावाच्या देवकुळावरचा विश्वास. स्वीडन-नॉर्वेत अनेकांना 'फोर्न सेद' हा शब्द जवळचा वाटतो; त्याचा अर्थ सरळ 'जुनी रीत'. इंग्रजी बोलणारे स्वतःला 'हीदन' म्हणवतात. एकच ग्रंथ, एकच पीठ, एकच गुरू असं इथे काही नाही. प्रत्येक गट आपापल्या परीने विधी करतो, म्हणून पुढे जे सांगतो आहे ते सगळीकडे हुबेहूब तसंच घडतं असं समजू नये.

आइसलँडने सन १०००च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी, १९७२ साली, स्वेनब्यर्न बेंटेन्सन या शेतकरी कवीने काही मित्रांना घेऊन आसात्रूआरफेलागिथ ही संस्था काढली. त्यासाठी दिवस निवडला तो तिथल्या जुन्या पंचांगातला 'उन्हाळ्याचा पहिला दिवस', एप्रिलमधला एक गुरुवार. सरकारी मान्यता मागायला ते गेले तेव्हा मंत्र्यांना आधी ही थट्टाच वाटली. पाहुणे बाहेर पडले, शहरावर विजांचं वादळ आलं आणि रेक्याविकच्या मध्यभागातले दिवे गेले, ही गोष्ट तिथे आजही आवडीने सांगतात. थोर हा विजेचा आणि मेघगर्जनेचा देव, हे लक्षात घेतलं की ती का सांगतात हे कळतं. १९७३ साली मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वेनब्यर्न यांच्या द्रागहाउल्स इथल्या शेतावर पहिला जाहीर विधी झाला. आज चार लाखांहून कमी वस्तीच्या या देशात संस्थेचे पाच हजारांहून जास्त सभासद आहेत. २००३पासून हिल्मार अर्न हिल्मार्सन हे संगीतकार तिचे प्रमुख पुरोहित आहेत. डेन्मार्कमध्ये १९९७ साली, तर अमेरिकेत 'द ट्रॉथ' या नावाने १९८७ साली अशा संस्था उभ्या राहिल्या.

आता सूर्याकडे वळू. आपल्याकडे २१ जून कसा जातो? पंचांगात 'दक्षिणायनारंभ' छापलेलं असतं, बाहेर पाऊस असतो आणि सूर्य बहुतेक दिसतच नाही. मुंबईत तो नेमका डोक्यावर येऊन गेलेला असतो मे महिन्याच्या मध्यात, शून्य सावलीच्या दिवशी. जूनमध्ये तो आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. मुंबईतला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाला तो जाणवतही नाही.

रेक्याविकमध्ये त्याच तारखेला दिवस २१ तासांचा असतो. सूर्य मावळतो तेव्हा घड्याळात मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि तीनच्या सुमारास तो पुन्हा वर येतो. मधल्या तीन तासांतही खरा अंधार पडत नाही. आकाश फिकट, दुधाळ राहतं, अंगणात उभं राहून पुस्तक वाचता येतं. हेच शहर डिसेंबरात चार तासांच्या उजेडावर दिवस काढतं. पृथ्वीचा आस साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्या एका गोष्टीचा हा सगळा खेळ. पण चार तासांचा उजेड भोगलेल्या माणसाला एकवीस तासांच्या उजेडात उभं राहिल्यावर जे वाटत असेल, ते भूगोलाच्या पुस्तकातून कळायचं नाही. हा सण त्या माणसाचा आहे.

आइसलँडिक भाषेत अयनदिनाला 'सोलस्तोदुर' म्हणतात. 'सोल' म्हणजे सूर्य, 'स्तोदुर' म्हणजे उभं राहणं. यातला 'सोल' आपल्या 'सूर्य' शब्दाचा सख्खा नातेवाईक आहे आणि 'स्तोदुर'मागचं मूळ संस्कृत 'स्था'चंच. शिंगातलं पेयही असंच. मध, पाणी आणि यीस्ट यांपासून आंबवलेल्या या पेयाला इंग्रजीत मीड आणि जुन्या नॉर्समध्ये 'म्योद' म्हणतात. आपला 'मधु' त्याचाच भाऊ. भाषा फार पूर्वी एका घरातून निघाल्या, त्याच्या या खुणा. यावरून धर्मही एकच होता वगैरे मोठी विधानं करण्यात अर्थ नाही, पण खुणा खऱ्या आहेत आणि मला त्या मोलाच्या वाटतात.

एक गोष्ट मात्र मराठी वाचकाला उलटी वाटेल. नॉर्स परंपरेत सूर्य ही बाई आहे आणि चंद्र पुरुष. सोल आणि मानी ही बहीणभावंडं, मुंदिलफारी नावाच्या गृहस्थाची मुलं. तेराव्या शतकातल्या स्नोर्री स्टुर्लुसन या आइसलँडिक विद्वानाने आपल्या 'एड्डा' ग्रंथात हे सारं तपशिलाने लिहून ठेवलं. सोलच्या रथाला दोन घोडे: आर्वाकर, म्हणजे लवकर जागा होणारा, आणि आल्स्विदर, म्हणजे अतिशय वेगवान. त्यांची अंगं भाजू नयेत म्हणून देवांनी त्यांच्या खांद्यांखाली भाते बसवले आहेत. सूर्याच्या पुढ्यात स्वालिन नावाची ढाल आहे. ती ढळली तर डोंगर आणि समुद्र जळून जातील. मागे स्कोल नावाचा लांडगा लागलेला आहे, म्हणून सोल थांबत नाही, सतत धावते. जगाच्या अंताला लांडगा तिला गाठणारच. पण त्याआधी तिला एक मुलगी झालेली असेल आणि तीच आईच्या वाटेने पुढे निघेल.

ही कथा डोक्यात ठेवून 'सोलस्तोदुर' हा शब्द पुन्हा वाचावा. वर्षभर जिवाच्या आकांताने धावणारी ही बाई या दोन-चार दिवसांत आकाशाच्या सर्वांत उंच टप्प्यावर क्षणभर उभी असल्यासारखी वाटते. उगवण्याची जागा सरकत नाही, दिवसाची लांबी काही सेकंदांपलीकडे बदलत नाही. तिला हाक मारायची, आभार मानायचे, तर हीच वेळ.

सूर्याला रथात बसवण्याची कल्पना स्नोर्रीपेक्षा फार जुनी आहे. १९०२ साली डेन्मार्कमध्ये ट्रुंडहोल्म इथल्या दलदलीत एक कांस्याची वस्तू सापडली: चाकांवर उभा असलेला घोडा आणि त्याच्यामागे, चाकांवरच, उभी तबकडी. तबकडीच्या एका बाजूला सोन्याचा पत्रा आहे, दुसरी बाजू तशीच काळपट. दिवसाचा प्रवास आणि रात्रीचा परतीचा प्रवास, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. वय सुमारे ३,४०० वर्षं. मूळ वस्तू कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि आजच्या अनेक हीदन घरांत तिची छोटी प्रतिकृती देव्हाऱ्यात दिसते.

मग अयनदिनाचा विधी तेवढाच जुना आहे का? या परंपरेतल्या जाणत्या माणसाला विचारलं तर तो सरळ उत्तर देतो, आणि या लोकांबद्दल मला आदर वाटतो तो इथेच. पुरावा तुटपुंजा आहे. स्नोर्रीने ओडिनच्या नियमांत वर्षाचे तीन यज्ञ सांगितले: हिवाळा लागताना चांगल्या वर्षासाठी, हिवाळ्याच्या मध्यावर पिकाच्या वाढीसाठी आणि उन्हाळ्यात विजयासाठी. अयनदिनाचं नाव त्यात नाही. त्याच्याच 'हैम्सक्रिंग्ला'त, नॉर्वेचा राजा ओलाफ त्रिग्वासन याच्या चरित्रात, माएरे इथल्या मध्य-उन्हाळ्याच्या यज्ञाचा उल्लेख येतो. माएरेच्या चर्चखाली १९६०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठसवलेल्या नखाएवढ्या मानवी आकृत्या सापडल्या, म्हणजे जागा जुन्या देवांची होती हे नक्की. पण जुन्या नॉर्स पंचांगात 'मध्य-उन्हाळा' येतो जुलैच्या उत्तरार्धात, कारण तिथे उन्हाळा एप्रिलमध्येच सुरू होतो. तेव्हा माएरेचा यज्ञ अयनदिनाचा होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला 'आग्रिप' हा नॉर्वेच्या राजांचा संक्षिप्त इतिहास सांगतो, की ओलाफने जुन्या यज्ञांची मद्यपानं बंद केली आणि त्यांच्या जागी ख्रिस्ती सणांची मद्यपानं आणली. त्यांतलं एक सेंट जॉनच्या सणाचं, २४ जूनचं. ज्याच्या जागी ते आणलं, ते काहीतरी आधी होतंच, असं त्यावरून अनेक जण म्हणतात.

वर्षाचे आठ समान भाग करणारं जे 'वर्षचक्र' आज सर्रास दिसतं, त्यात अयनदिन ठळक असतो. पण ते चक्र १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या विका पंथाच्या आणि ड्रुइडांच्या वर्तुळात घडलं. त्यातलं 'लिथा' हे नाव तर १९७०च्या दशकात अमेरिकेत चिकटवलं गेलं. नाव मात्र अस्सल जुनं आहे. बीड या इंग्लिश संन्याशाने ७२५ साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यात अँग्लो-सॅक्सन लोक जून आणि जुलै या दोन्ही महिन्यांना 'लिथा' म्हणत, पहिला आणि दुसरा, अशी नोंद आहे. चांद्र महिने सौर वर्षाशी जुळेनासे झाले की ते उन्हाळ्यात तिसरा लिथा घालत आणि त्या वर्षाला 'थ्रिलिथी', तीन लिथांचं वर्ष, म्हणत. हा आपला अधिक महिनाच की! फक्त त्यांनी त्याची जागा अयनाच्या उजेडात कायमची ठरवून टाकली होती.

तारीख कशी ठरते, तेही पंचांगाचंच प्रकरण. आइसलँडच्या संस्थेचा या दिवसांतला मोठा विधी म्हणजे थिंगब्लोट. तो येतो उन्हाळ्याच्या दहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी, म्हणजे २१ ते २७ जूनच्या दरम्यान, थिंगवेलिर इथे. 'थिंग' म्हणजे सभा, 'ब्लोट' म्हणजे यज्ञ. ९३० सालापासून साऱ्या बेटाची सभा, आल्थिंग, उन्हाळ्याच्या याच दिवसांत इथे भरायची. आठवडे मोजून गाठायची ही तारीख टिकली ती एका माणसाच्या नजरेमुळे. जुनं वर्ष बरोबर ५२ आठवड्यांचं, म्हणजे ३६४ दिवसांचं होतं. दरवर्षी सव्वा दिवस चुकत चुकत उन्हाळा वसंतात मागे सरकू लागला. दहाव्या शतकाच्या मध्यावर थोर्स्टेन सुर्त नावाच्या माणसाने हे सूर्य पाहून ओळखलं आणि दर सातव्या वर्षी एक जादा आठवडा घाला, असं सभेत मांडलं. ते मान्य झालं. आरी थोर्गिल्सनने आपल्या छोटेखानी इतिहासात हे नोंदवलं आहे. राजेरजवाड्यांच्या लढायांच्या शेजारी सूर्य नीट पाहणाऱ्या माणसाचं नाव इतिहासात टिकावं, हे मला फार लोभस वाटतं.

इतर गट सोयीने दिवस धरतात. कोणी खगोलशास्त्रीय अयनाचा दिवस पाळतो. स्वीडनमध्ये १९५३पासून मिडसोमर हा उन्हाळी सण शुक्रवार-शनिवारी येतो, सुट्टी असते, म्हणून तेव्हाच. डेन्मार्क-नॉर्वेत २३ जूनच्या संध्याकाळी सेंट हान्सच्या, म्हणजे सेंट जॉनच्याच, होळ्या पेटतात, त्या निमित्ताने कोणी. शेतीच्या काळातही सण कामांच्या मधल्या फटीतच बसत, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

तयारी आधीपासून लागते. मीड तर फारच आधी. एक भाग मध, तीन भाग पाणी, यीस्ट, अशी घालून काही आठवडे आंबू द्यायची, मग नितळ करून महिनोन्महिने मुरू द्यायची. जूनमध्ये प्यायची मीड हिवाळ्यात घालावी लागते. मुलं असतात, न पिणारी माणसं असतात, त्यांच्यासाठी सफरचंदाच्या रसाचं दुसरं शिंग ठेवतात. त्या शिंगाला कमी लेखत नाहीत.

सूर्यचक्र मात्र त्याच दिवशी सकाळी करतात, आणि ते पाहण्यासारखं असतं. विलो किंवा बर्चच्या ओल्या फांद्या वाकवून हातभर व्यासाचं कडं करायचं, सुतळीने बांधायचं. आत दोन काठ्या आडव्या-उभ्या घालायच्या. झालं चार आऱ्यांचं चाक. कांस्ययुगातल्या लोकांनी स्वीडनच्या तानुम इथल्या कातळांवर कोरलेली चाकं अशीच आहेत. मग त्यात गवत आणि फुलं खोवत जायची. सेंट जॉन्स वर्टची पिवळी फुलं हवीतच. त्याचं पान उजेडाकडे धरलं की सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात आणि कळी चिरडली की बोटं लाल होतात. आइसलँडमध्ये बाल्दुर्सब्राउ फुलतं, मधे पिवळं आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या. नावाचा अर्थ बाल्दरची भुवई. स्नोर्री सांगतो, की सुंदर आणि तेजस्वी बाल्दर देवाच्या भुवयांइतकं पांढरं म्हणून या फुलाला ते नाव मिळालं. बाल्दर मारला जातो आणि त्याचं प्रेत जहाजावर जाळतात, ही कथा काही जण अयनदिनाशी जोडतात: तेज शिखरावर असतानाच ओसरू लागतं म्हणून. मूळ कथेत ऋतूचा उल्लेख नाही. जोडणी आजची आहे, पण समजून केलेली आहे.

जागा शक्यतो उघड्यावर. मधे शेकोटी, एखादा दगड किंवा लाकडी खांब. काही गट खांबावर चेहरा कोरतात. इब्न फदलान या अरब प्रवाशाने ९२२ साली वोल्गा नदीकाठी उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना अशाच चेहऱ्याच्या खांबापुढे भाकरी, मांस, कांदे, दूध ठेवताना पाहिलं होतं. शेकोटीचं मात्र हवामानावर ठरतं. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये वणवे पेटले आणि उघड्यावर आग लावायला ठिकठिकाणी बंदी आली. अशा वर्षी आग पेटवायची नाही. ज्या भूमीचे आभार मानायला जमलो, तिलाच चटका लावायचा नाही, यावर गटांत दुमत नसतं.

विधीची सुरुवात जागा पवित्र करण्यापासून. कोणी मशाल घेऊन गोलाभोवती फिरतं, सूर्याच्या दिशेने, गोल उजवीकडे ठेवून. आपली प्रदक्षिणा तीच. आइसलँडमध्ये पहिल्या वसाहतकऱ्यांनी जमिनीभोवती अग्नी फिरवून ती आपली केली, या जुन्या नोंदीचा आधार त्यामागे आहे. अमेरिकेतले बरेच गट चार दिशांना थोरच्या हातोड्याची खूण करतात. त्या पद्धतीचा साचा युरोपातल्या जादूविधींतून गेल्या शतकात आला, आणि म्हणूनच स्कँडिनेव्हियातले अनेक जण ती टाळतात.

मग गोथी पुढे येतो, स्त्री असेल तर तिला गिथ्या म्हणतात. जुन्या काळी गोथी हा गावचा पुढारी आणि यजमान एकच असे. आज तो गटाने निवडलेला साधा माणूस असतो, सोमवारी पुन्हा शाळेत शिकवायला किंवा बस चालवायला जाणारा. तो जुन्या एड्डा-काव्यांमधल्या रचना म्हणतो. आइसलँडमध्ये त्या लांबवलेल्या, जवळजवळ गायलेल्या चालीत म्हणतात आणि उघड्या माळावर त्या दूरवर ऐकू जातात. दिवसाला आणि रात्रीला वंदन करणारी 'सिग्रद्रीवुमाल'मधली प्रार्थना जगभरच्या गटांत ऐकू येते. मग देवतांना आवाहन: सोलला, फ्रेयरला, कारण पाऊस आणि ऊन त्याच्या हाती, थोरला, कारण पीक त्याच्या राखणीत, आणि त्या जागेच्या रक्षकांना, ज्यांना 'लांदवेत्तिर' म्हणतात. आपल्याकडे ज्याच्या गावात वेशीवरच्या देवाला आधी नारळ दिल्याशिवाय जत्रा सुरू होत नाही, त्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

जुन्या काळी इथे घोडा किंवा बैल कापला जाई, रक्त भांड्यात धरून डहाळीने शिंपडत, मांस मोठ्या हंड्यात शिजवत. आइसलँडच्या संस्थेने प्राणिहत्या पहिल्यापासूनच ठेवली नाही. आज डहाळी भिजते ती मीडमध्ये. गोथी गोलातून फिरत प्रत्येकावर थेंब उडवतो. थंड असतात ते, कपाळावर पडले की माणूस दचकतो आणि मुलं हसतात.

यानंतर शिंग, विधीचा जीव. पहिल्या फेरीत देवांची नावं, दुसरीत पूर्वज आणि गेलेली माणसं, तिसरीत ज्याला जे मनात असेल ते: केलेलं काम, मनातली शपथ, एखादं ऋण. देवांसाठी आणि मग गेलेल्या आप्तांच्या स्मरणासाठी प्यायचा क्रम 'हैम्सक्रिंग्ला'तल्या यज्ञवर्णनात आहे. तीन फेऱ्यांची आजची घडी बरीचशी अमेरिकेतल्या गटांनी बसवली. शिंग हातात आलेला माणूस बोलतो, बाकीचे गप्प. तो ते उंच धरतो, नाव घेतो, पितो, सगळे तेच नाव मोठ्याने म्हणतात. कोणी आजीचं नाव घेतं, जिने भाजीचा मळा लावायला शिकवलं. कोणी दुसरंच काही बोलायला जातं आणि आवाज फुटत नाही. मग शिंग हातात तसंच राहतं. ते खाली ठेवता येत नाही, आणि घाईने पिता येत नाही. सगळे वाट पाहतात. चांगलं वर्ष आणि शांतता लाभो, असा जुना आशीर्वाद तिथे उच्चारला जातो.

शपथेबाबत जाणती माणसं सावध करतात. साक्षीदारांसमोर घेतलेली शपथ सगळ्यांची होते. मोडली तर गटाच्या दैवाला बाधा येते, अशी समजूत आहे. म्हणून नवख्याला सांगतात: कृतज्ञता बोल, शपथ पुढच्या वर्षी.

उरलेली मीड जमिनीवर किंवा झाडाच्या मुळाशी ओततात. ब्रेड, लोणी, मध, पहिल्या स्ट्रॉबेऱ्या खांबापाशी ठेवतात. मग जेवण, आणि ते विधीचाच भाग. बाजूला लोकरीतीही चालतात, कोणत्या देवाच्या ते कोणी विचारत नाही. स्वीडनमध्ये मुली एक शब्द न बोलता सात प्रकारची फुलं गोळा करून उशीखाली ठेवतात, होणारा नवरा स्वप्नात दिसावा म्हणून. आइसलँडमध्ये सेंट जॉनच्या रात्री दवात लोळलं की दुखणी जातात, आणि त्या रात्री गाई बोलू लागतात, असं म्हणतात.

एक विषय टाळून पुढे जाता येणार नाही. १९३०च्या दशकात जर्मनीत नाझी एसएसने अयनदिनाच्या होळ्या पेटवल्या आणि सूर्यचक्र, रून लिपीची चिन्हं आपल्या झेंड्यांवर नेली. आजही वंशद्वेषी टोळ्या तीच चिन्हं मिरवतात. त्यामुळे फांद्यांचं चाक करणाऱ्या साध्या माणसालाही आपण कोण आहोत हे सांगावं लागतं. अनेक संस्थांनी ते जाहीरपणे सांगितलं आहे. आइसलँडच्या संस्थेने वंशवादासाठी या धर्माचा वापर वारंवार नाकारला. २०१६मध्ये 'द ट्रॉथ'सह बऱ्याच संस्थांनी एका अमेरिकन गटाशी संबंध तोडणारं पत्रक काढलं आणि त्याला 'हावामाल' या जुन्या नीतिकाव्यातल्या १२७व्या कडव्याचं नाव दिलं. दिसलेल्या दुष्टपणाबद्दल गप्प बसू नका, असा त्या कडव्याचा आशय. मला हे विधीइतकंच महत्त्वाचं वाटतं. सूर्य कोणा एका कातडीवर जास्त पडत नाही, आणि सोलचं नाव घेणाऱ्यांनी तरी हे बोललंच पाहिजे.

शेवटी गोथी देवांना आणि जागेला निरोप देतो, गोल सुटतो. मध्यरात्र झालेली असते, तरी एकमेकांचे चेहरे स्पष्ट दिसतात. काही गट सूर्यचक्र तिथेच शेकोटीत टाकतात. काही घरांत ते भिंतीवर टांगतात, फुलं सुकू देतात आणि डिसेंबरात, चार तासांच्या उजेडात, यूल या हिवाळ्यातल्या सणाच्या रात्री जाळतात. सेंट जॉन्स वर्टची फुलं तोवर तांबूस-तपकिरी झालेली असतात आणि चटकन पेट घेतात. त्याच दिवसांत पुढच्या उन्हाळ्याची मीड घालतात.